एकानं आधी, एकानं मागून

गावात मी आशाताई, आरोग्य खात्याची आशा सेविका. तोंडाची फटकळ, पण माहिती बरोबर सांगते, अशी माझी ख्याती. म्हणून करोनाची लस आली तेव्हा आरोग्य केंद्रातून एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, लोक विचारतील, यातलं बघून सांगत जा.

आणि लोकांनी विचारलं तरी किती! उपाशीपोटी घ्यायची का जेवून? बीपीची गोळी त्या दिवशी बंद ठेवायची का? पाळी असली तर चालतं का? ताप आलेले विचारायला यायचे, हा ताप लशीचा का करोनाचा. ताप न आलेले त्यांच्याहून घाबरलेले, आपल्याला नुसतं पाणीच टोचलं की काय म्हणून. एक म्हातारा शाळेतल्या रांगेत हळूच म्हणाला, "बाई, सुई मारल्यावर किती दिस घ्यायची न्हाई?" घ्यायची म्हणजे काय ते अख्ख्या गावाला माहीत. म्हटलं, "बाबा, तुमी जन्मभर न्हाई घेतली तरी चालंल." सगळी रांग हसली. मला ते काम आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझी थोरली जाऊ आणि थोरले दीर त्याच आठवड्यात ऊसतोडीवरून परतले होते. आमच्या खर्ड्याकडचं निम्मं गाव दिवाळीच्या आगंमागं ट्रकमध्ये बसतं आणि पाडव्याच्या सुमाराला घरी येतं. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. एक जण पडला की कोयता बंद. त्यामुळं या माणसांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. दोघांनी एकदम आडवं व्हायचं नाही. नवऱ्याला ताप आला, तर बायकोनं आपला ताप दोन दिवस पुढं ढकलायचा. हसू नका, ढकलतात. माझ्या जावेनं अठरा वर्षं ढकलला.

तिला मी आक्का म्हणायचे. आमची घरं शेजारीच. सकाळी दारात आली आणि म्हणाली, "का गं, दोघांनी एकदमच घ्यावी लागती का? एकानं आधी आन् एकानं मागून घेतली तर चालंल?"

"चालंल की. का बरं?"

"आगं, दोघंबी तापानं पडलो तर शेरडास्नी पानी कोन दावायचं? ह्यांना घिऊ दे आधी. मी पुढच्या येळंला घेती."

मी कागद उघडूनही पाहिला नाही. मला तिचं म्हणणं इतकं शहाणपणाचं वाटलं, की वर कौतुक केलं. "बरोबर हाय आक्का. पुढच्या आठवड्यात या, तुमचा नंबर पयला लावते." काय बाई अक्कल माझी! भिंतीपलीकडं तर राहत होते. दोन शेरडांना पाणी मी दाखवलं नसतं का? चार भाकरी थापल्या नसत्या का? सुचलंच नाही.

भाऊंनी, म्हणजे दिरांनी, लस घेतली. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत पडून राहिले. आक्कानं त्यांना पेज करून घातली, शेरडं चारून आणली, पाणी भरलं. सगळं त्यांनी ठरवल्यासारखंच झालं.

पुढच्या आठवड्यात लस आलीच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तालुक्यालाच शिल्लक नाही म्हणाले. मी भांडायला गेले, पण भांडू कुणाशी? सिस्टर बिचारी रिकामी पेटी घेऊन बसलेली, डॉक्टर फोन कानाला लावून उभे. आधी लस नको म्हणून मला बघून मागच्या दारानं पळणारी माणसंही आता लस का नाही म्हणून माझ्या नावानं बोटं मोडत होती. आक्का रोज विचारायची, "आली का गं?"

"न्हाई आक्का."

"मग येऊ दे. आमच्यापरीस म्हातारी मानसं हायेत, त्यास्नी दे आधी."

पाचव्या आठवड्यात तिला खोकला लागला. दोन दिवस ती घशात धूळ गेली म्हणाली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात बसली ती उठेना. मी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं आणि आकडा बघून लगेच फोन लावला. तालुक्याला बेड नाही, नगरला बघा म्हणाले. माझ्या वहीत दवाखान्यांचे सगळे नंबर होते. एकेक लावत गेले. रडले, शिव्या घातल्या, पाया पडते म्हणाले. फोनवरून कसले पाया पडणार, पण म्हणाले. दीड दिवसानं बेड मिळाला. चार दिवसांनी आक्का गेली. घरी आणूही दिली नाही.

महिन्याभरानं मी डॉक्टरांना गाठलं. विचारलं, भाऊंच्या बरोबर तेव्हाच घेतली असती, तर वाचली असती का हो? ते म्हणाले, "एका डोसनं खात्री देता येत नाही ताई. पण कदाचित." मला हो तरी पाहिजे होतं, नाहीतर नाही तरी. या कदाचितचं मी काय करू? आजही भाकरी थापताना मध्येच ते आठवतं.

लस पुन्हा यायला लागली. मी पुन्हा शाळेत रांग लावायला उभी. आषाढात भाऊंच्या दुसऱ्या डोसची तारीख आली. त्यांच्या पुढं तोडीवरचंच एक जोडपं होतं. बाईनं मला विचारलं, यांना आज देता का, मी मागून घेते. मी तिच्यावर खेकसलेच. "आजिबात न्हाई! दोघांनी आत्ताच घ्यायची. पडलात तर पडलात. भाकरी मी आणून घालीन, जनावरास्नी पानी मी दावीन. पन आत्ताच घ्यायची." ती बावचळली, पण दोघंही आत गेले.

मागं भाऊ आधार कार्ड हातात धरून उभे होते. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. काही सांगायचं झालं तर आक्काकडून निरोप यायचा. आता मध्ये कुणीच नव्हतं. जमिनीकडं बघत ते म्हणाले, "ह्येच तवा तिला सांगायचं हुतं."

आवाज चढला नव्हता. रागानं बोलले असते तर मी दोन शब्द उलट बोलले असते, मला भांडता येतं. मी कार्ड घेतलं, नंबर लिहून परत दिलं. ते बाही वर करत आत गेले.