आढ्यावरची धामण

धामण आढ्यावरून पडली ती थेट पाहुण्यांच्या सतरंजीवर, पोह्यांच्या ताटल्यांमध्ये. मुलाची आई ओरडली नाही, पाय जवळ घेऊन भिंतीला टेकली. मुलाचा मामा मात्र उठला आणि त्याने दाराआडची काठी उचलली. बाहेर वळवाचा वारा कौलं उचकटत होता. माझी नणंद माझं लग्नातलं पातळ नेसून, चहाचं ताट हातात धरून मधोमध उभी होती.

मामाने विचारलं, "घरातलीच हाय का काय ही?"

माझे मालक म्हणाले, "न्हाई वो, बाहेरनं शिरली आसंल. मारा."

मी खाली बघितलं. सासरेही खाली बघत राहिले. धामण आमचीच होती.

भाताच्या पेंढ्यात ती करंगळीएवढी सापडली तेव्हा नणंद परकरात होती. सासऱ्यांनी ती कणगीमागे सोडली, उंदीर खाईल म्हणून. तिथेच वाढून ती माणसाच्या उंचीहून लांब झाली. नणंद तिला हाताने उचलायची, आम्ही बाकीचे वळसा घालून जायचो. थंडीत ती चुलीमागच्या भिंतीला चिकटून पडायची. श्रावणातल्या पावसाला ढिम्म हलायची नाही. पण वैशाखात हवा कोंडली, अंग चिकट झालं की कणगी सोडायची आणि मेढीच्या खांबावरून चढून आढ्याला जायची. मग वळीव यायचा. कधी नाहीही यायचा, तेव्हा सासरे तिचीच बाजू घ्यायचे, म्हणायचे पलीकडच्या डोंगरावर पडला असेल. गावात आम्हाला सापवाले म्हणत. वर चेष्टा करत आणि आभाळ भरलं की माझ्या मालकांना विचारत, चढली का रं तुमची धामण?

त्या दिवशी ती दुपारीच वर गेली होती. सासरे म्हणाले, पाहुण्यांना गोठ्याच्या पडवीत बसवू, हिचा नेम नाही. मालकांनी त्यांना गप्प केलं. घोटावड्याची माणसं, जमीन बरी, मुलगा नोकरीला. त्यांना काय शेणाच्या वासात बसवायचं? आणि सापाची गोष्ट तोंडातून काढायची नाही, असंही बजावलं. नणंदेला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. हे जमलं नाही तर पुढे बिजवरच बघावा लागेल, असं सासूबाई तिच्यादेखत बोलायच्या.

मामाची काठी शेपटावर बसली. दुसरी बसायच्या आत नणंदेने ताट खाली ठेवलं.

"मारू नका. आमचीच हाय ती. मी वाढवलीया."

तिने धामण उचलली. धामणीने तिच्या दंडाला वेढा घातला आणि भ्याली की सोडते ती घाण सोडली, सगळी माझ्या पातळावर. कुजक्या मांसासारखा तो वास घरभर झाला. पाहुण्यांनी नाकाला पदर, टोप्या लावल्या. नणंद आत गेली. मालकांचा चेहरा मी बघितला नाही. माझा मलाच दाखवावासा वाटत नव्हता.

पाहुणे उठूनही जाऊ शकले नाहीत. गारा पडत होत्या. तसल्या वासात ते बसले, आम्ही बसलो. गप्प राहवेना म्हणून सासरे बोलत सुटले. धामण किती गुणी आहे, वादळ कसं ओळखते, आजसुद्धा दुपारीच कशी वर जाऊन बसली होती.

मुलाची आई म्हणाली, "म्हंजी वर हाय ते तुमाला ठावं व्हतं. आनि आमाला तिच्याखाली बसवलं."

मी चहा पुन्हा गरम करून आणला. तो सगळ्यांनी प्यायला, हे मला अजून नवल वाटतं.

पाऊस ओसरल्यावर ती बाई उंबऱ्यात थांबली. मला वाटलं, पोरगी साप हाताळते म्हणून नावं ठेवील. ती मालकांना म्हणाली, "साप काय, आमच्याबी घरात निघत्यात, पाव्हणं. पोरगी धीट हाय, मला आवडली. पन तुमी तोंडावर खोटं बोललात. आसल्या घरात सोयरीक न्हाई करायची मला."

मालक तिच्या पायातल्या चपलांकडे बघत होते. मुलगा एकदा मागे वळला, त्याने आतल्या दाराकडे बघितलं, आणि आईच्या मागे चालू लागला.

नणंद आतून सगळं ऐकत होती. तिने रडून दाखवलं नाही, पातळ धुवायला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला बावधनच्या बिजवराला दिली, दोन पोरांच्या बापाला. मालक त्या लग्नात कोणाशी धड बोलले नाहीत. मीही नणंदेला त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही.

मालक गेले, सासू-सासरे गेले. धामण शेपूट वाकडं घेऊन आणखी काही पावसाळे जगली. आमच्या घरातल्यांपैकी आता नणंद आहे आणि मी आहे.