आबांची एबीसीडी

नंदुरबार स्टेशनात गाडी लागली. आबांनी माझी बॅग आत ठेवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि विचारलं, "तठे तुन्हा पत्ता काय ऱ्हाई?" मला चिडायला झालं. जर्मनीत उतरल्यावर कुठं राहणार हे माझं मलाच माहीत नव्हतं. "पत्ता नही आबा, कंपनीनी वेबसाइट शे, तीज ध्यानमा ठेवा," असं म्हणून मी अक्षरं सांगायला लागले. आई शेजारी पदराने डोळे पुसत होती आणि हे गृहस्थ खिडकीचा गज धरून एकेक अक्षर परत म्हणत होते. "एल, लोटनभाऊना. ओ, ओंकारबाबाना. जी, गुमानमामाना." गाडी हलली तरी ते सोबत चालत होते. "डॉटना पुढे काय?" ते ओरडले. "डी, ई!" मीही ओरडले. "डी दगडूना, ई ईश्वरभाऊना!" डब्यातले लोक हसायला लागले. निरोपाचं रडणं राहूनच गेलं, ते सुरत मागे पडल्यावर आलं.

लोटन, ओंकार, गुमान ही आमच्या कोरीटच्या गल्लीतली माणसं. आबा ग्रामपंचायतीत क्लार्क होते. गावातला पहिला फोन पंचायतीत आला आणि तालुक्याला नावं इंग्रजीत अक्षर-अक्षर करून सांगायचं काम आबांच्या गळ्यात पडलं. लाइन सदा खरखरायची. बाकीचे क्लार्क 'बी फॉर बॉम्बे' म्हणायचे. आबांनी तेव्हा बॉम्बे पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याचं नाव कशाला घ्या, असा त्यांचा खाक्या. म्हणून त्यांनी अक्षरं गल्लीत वाटून टाकली. झेड झिपरूबाबाला. डब्ल्यू वामनबापाच्या जुळ्या पोरांना, दोघांत मिळून एक. क्यूसाठी कोणी मिळेना, तो रेशनच्या रांगेला दिला. जे आईला, जिजाबाईला. आई लाजून लाल व्हायची. "पूरा तालुकाले मन्हं नाव काय सांगी ऱ्हायनात?" म्हणायची, पण शेजारणींना तीच कौतुकाने सांगायची. लोटनभाऊ तर संध्याकाळी शेतातून येताना पंचायतीत डोकावून विचारायचे, "मन्हं अक्षर आज लागनं का?" माणूस गेलं तरी अक्षर दुसऱ्याला द्यायचं नाही, असा आबांचा नियम होता. गुमानमामा गेले, जी त्यांचाच राहिला.

इकडं आले तर माझं कामच अक्षरं सांगायचं निघालं. मालवाहतुकीची कंपनी. गाडी कुठं पोहोचली हे बघायचं वेबसाइटवर एक पान, आणि त्याचा पत्ता मी दिवसभर हेडफोन लावून ड्रायव्हरांना सांगायचे. सुरुवातीला 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' म्हटलं की पलीकडचा परत परत विचारायचा. इथं ते 'वे वे वे'. पोलंडचा ड्रायव्हर 'वू वू वू' म्हणायचा, स्पेनचा 'उवे दोब्ले' म्हणता म्हणता पुढचा फाटा गाठायचा. डॉटला 'पुंक्ट', मधल्या आडव्या रेघेला सरळ 'मीनुस', म्हणजे वजाबाकीच. व्हीला 'फाऊ', जेला 'यॉट', झेडला 'त्सेट'. आपल्याकडे डॉट इन म्हणून उरकतात, इथं 'दे ए' अशी दोन्ही अक्षरं वेगळी उच्चारतात. अक्षरं सगळ्या जगाची सारखी, पण हाक मारायची तऱ्हा ज्याची त्याची. मला गंमत वाटायची. मग एकदा वीजवाल्यांना फोनवर मी माझं आडनाव 'पे, आ, ते, ई, एल' असं सांगून मोकळी झाले आणि मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं. गाव सुटलेल्या तुम्हा सगळ्यांना, अगदी सुरतेपर्यंतच गेला असलात तरी, हे ठाऊक असेल. माणूस एकदम तुटत नाही. एक एक शब्द बदलतो आणि त्या त्या वेळी ते सोयीचंच असतं.

तन्वी, माझी मुलगी, इथेच जन्मली. तिला जर्मन येतं आणि मोडकंतोडकं मराठी. आबा घरात अहिराणीच बोलणार. ही नात आणि हा आजा एकमेकांशी बोलणार कसे, याचा मला घोर लागला होता. आई गेल्यावर आबा गप्प गप्प झाले, म्हणून माझा भाऊ भूषण याने त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. व्हिडिओवर बोलायची एक वेबसाइट होती. तिच्या पत्त्याच्या शेवटी आपल्याला हवा तो शब्द टाकायचा आणि दोघांनी एकच शब्द टाकला की दोघं भेटतात. दर रविवारी तन्वी नवा शब्द निवडायची, फोन करून आबांना अक्षरं सांगायची आणि आबा फोन कानाला धरून एका बोटाने सगळा पत्ता पहिल्यापासून टाइप करायचे.

ती 'यॉट' म्हणायची, आबा विचारात पडायचे आणि म्हणायचे, "जे. जिजाबाईना. तुन्ही आजीना." ती जे अक्षर 'ई' म्हणते ते आबांचं आय, आणि जे 'ए' म्हणते ते आबांचं ई. त्यावरून भांडण, मग खोडणं, मग परत पहिल्यापासून. मध्येच आबा सांगणार, की झेडवाला झिपरूबाबा म्हैस शोधायला गेला आणि दुसऱ्याचीच घेऊन आला. थोडं तिला कळायचं, थोडं ती मला विचारायची. एकदा तिने 'इगेल' लिहायला लावलं. म्हणजे काय, आबांनी विचारलं. तिने काटेवाल्या प्राण्याचं चित्र काढून दाखवलं तर म्हणाले, "हाई ते सायाळनं पिल्लू शे!" चेहरे दिसेपर्यंत दोघं थकलेले असायचे. हात हलवायचे आणि उठायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "लागला का कॉल?" मला वाटायचं, बोलणं अजून सुरूच व्हायचंय.

एका दिवाळीत भूषणने आबांच्या स्क्रीनवर हिरवं बटण करून दिलं. शब्द कायमचा एकच. "आते आबाले तरास नही, नुसतं आठे दाबानं," त्याने मला आनंदाने सांगितलं. त्या रविवारी आबांनी दाबलं. लगेच दोन चेहरे समोरासमोर आले. "कशी शे?" आबांनी विचारलं. "गुट," तन्वी म्हणाली. "जेवनी का?" तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, तिने मान हलवली, झालं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तिला अभ्यास होता. ती मला म्हणाली, "अक्षरंच नाहीत तर मी आबांशी काय बोलू?" मी भूषणला फोन करून बटण काढ म्हटलं. तो दुखावला. "ताई, त्यास्ना हात कापतस. तू तठे बठीसन काय सांगस?" खरं होतं. आबांना अंघोळ घालणारा तो, जेवू घालणारा तो. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

हे असं दोन वर्षं चाललं. मग आबा नावं चुकायला लागले, भाजीत मीठ पडलं का हे दोनदोनदा विचारायला लागले. मी हट्टच धरला आणि शेवटी भूषणने बटण काढलं. रविवारी मी तन्वीला पूर्वीसारखा फोन करायला लावला. ती आता मोठी झालेली, तरी उत्साहाने बसली. थंडीचे दिवस होते, तिने 'याके' हा शब्द घेतला, म्हणजे जाकीट.

"यॉट, आबा."

पलीकडे आबांचा श्वास ऐकू येत होता. "जे," ते म्हणाले. तेवढं लागलं. मग म्हणाले, "जे कोनाना?"

तन्वी हसली, तिला खेळ वाटला. "जिजाबाईना, आबा!"

"कोन जिजाबाई?"

भूषण मागून काहीतरी समजावत होता. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण तन्वीने दिला नाही. जिला अहिराणीतलं एक वाक्य धड येत नाही, ती पोरगी आबांना अक्षरं सांगायला लागली. दगडू, ईश्वरभाऊ, गुमानमामा, लोटनभाऊ, ओंकारबाबा, जुळी पोरं, रेशनची रांग, झिपरूबाबा. आबा तिकडून भलेपणाने "हां का, हां का" करत होते. आमची अख्खी गल्ली आता या एकाच डोक्यात उरली होती, आणि त्या गल्लीत ती उभ्या जन्मात दोनदा गेली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, असं होतंच. बटणाचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांचंच बरोबर असणार. पण रविवारी कॉल लागायला उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं, अक्षरं सांगत आबांना ती दोन वर्षं त्या गल्लीतून फिरू दिलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही. जाणारही नाही.

भूषणने बटण परत बसवलं. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी पूर्वी खाडकन कोरीट म्हणायचे. आता जीभ अडते. घर तिथंच आहे, रंगसुद्धा नवा लावलाय. पण मी कोण हे आबांना माहीत असणं, तेवढंच माझं घर होतं. बाकीच्या भिंती.

गेल्या रविवारी बटण दाबून आबा सरळ होऊन बसले, कॉलर नीट केली. "नमस्कार," ते म्हणाले. "आपण कोण बोलताय?" ही तालुक्याच्या साहेबांशी बोलायची मराठी. घरात ती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. तन्वी इथल्या मराठी वर्गात जाते, तिथं हेच शिकवतात. "नमस्कार. मी तन्वी बोलते आहे. आपण कसे आहात?" "मी ठीक आहे." पहिल्यांदाच दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द कळत होता.

मला राहवलं नाही. मी स्क्रीनसमोर वाकले. "आबा, मी शे. उज्ज्वला."

त्यांनी हात जोडले. "कुठल्या गावच्या आपण?"

"कोरीटनी."

"कोरीटच्या?" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "कधी दिसला नाहीत."

"बाहेरगावी ऱ्हास, आबा."

"असं होय," आबा म्हणाले, आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं. "मग येत जा कधीतरी."