पाच मिनिटांचं ऊन

नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. सातपूरला आम्ही राहायचो त्या इमारतीला गच्ची एकच, सगळ्यांची. लेकीच्या मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग उठला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कोड म्हटलं की सोयरीक सोडाच, लोक हातचं पाणी प्यायला बिचकतात. कुणाला कळू द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी औषध दिलं. म्हणाले, "हे लावा आणि हात पाचच मिनिटं उन्हात धरा. रंग उन्हानंच परत येतो, पण औषध लावलेली कातडी चटकन भाजते."

मग माझं सोंग सुरू झालं. रोज गच्चीवर कुरडया घालायच्या आणि लेकीला राखणीला बसवायचं. शेजारणी म्हणायच्या, "यंदा गावजेवण घालताय की काय?" म्हणू देत. महिन्याभरात डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके आले. लेक दिवसातून दहादा बाही वर करून बघायची आणि हसायची.

तेवढ्यात स्थळ आलं. पंधरा दिवसांनी मंडळी बघायला येणार होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे आईच उतावळी. कुरडई कडक व्हायला दोन दिवस ऊन लागतं, मग पाच मिनिटांनी काय होणार? हे माझं शहाणपण. भर दुपारी औषध लावून तिला तासभर बसवलं. "आई, चटके बसतायत," ती म्हणाली. मी खेकसले, "सोस जरा. लग्न तुझंच आहे ना?" ती तशीच उन्हात हात धरून बसली. माझं ऐकणारी पोर होती, तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी मनगटावर टम्म फोड आले. ते फुटले, ठिपके गेले, आणि भाजलं होतं तिथवर पांढरं पसरलं. पोरीला ताप आहे, असा निरोप मीच मंडळींना धाडला. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

लेकीनं औषध सोडलं. याला बारा वर्षं झाली. ती शिवणकाम करते, लांब बाह्या घालते, लग्नाचं नाव काढत नाही. मला एका शब्दानं बोलली नाही. मीच रोज मला शिव्या घालते, त्यानं काही भरून येत नाही.

परवाच्या थंडीत मी गच्चीवर ऊन खात बसले होते. ती कपडे वाळत घालायला आली. म्हटलं, "बस गं जरा, कोवळं ऊन आहे."

तिनं बाही खाली ओढली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "किती मिनिटं, आई?"