आशामावशीची शुगर आणि खुर्शीदबीचा राग

आशामावशी पडली तेव्हा नळ चालू होता. अकोल्यात नळ रोज येत नाही. डाबकी रोडवरच्या त्यांच्या गल्लीत तो पाच-सहा दिवसांनी येतो, आणि कधी येईल याचा नेम नाही. त्या सकाळी तिनं इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं, ताटात पोळी-भाजी वाढून घेतली, आणि तेवढ्यात शेजारच्या गंगूबाई ओरडल्या, "आशाबाई, नळ आले वं!" ताट झाकून मावशी धावली. टाकी भरली, ड्रम भरले, घागरी भरल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा सोडली नाही. मग तिला वाटलं, नळाचा आवाज फार लांबून येतोय. पुढचं तिला आठवत नाही.

तिच्या नवऱ्यानं, भगवंतरावकाकांनी, तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं म्हणून शुगर एकदम पडली होती. सलाईन लावल्यावर ती शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न विचारला, "नळ बंद केला काय?"

हे आम्ही हसून सांगत असू, पण मावशीचं हसणं त्या दिवसापासून कमी झालं. पियुषनं, तिच्या मुलानं, पुण्याहून फोनवरच फर्मान काढलं, "आई, आता एकटीनं कुठंच जायचं नाही." त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण मावशी मंदिरात जाणंही सोडून बसली. शुगर पडेल या भीतीनं रात्री उठून काहीतरी खायची आणि सकाळी मशीन तीनशेच्या वर दाखवायचं. मग घाबरून दिवसभर अर्धपोटी राहायची, की संध्याकाळी हातपाय कापायला लागायचे. कुणी मेथीचं पाणी सांगे, कुणी कारल्याचा रस, कुणी जांभळाच्या बियांची पूड. तिनं सगळं करून पाहिलं. "खाल्लं तं चढते, नाही खाल्लं तं पडते," ती मला फोनवर म्हणायची. "पोरी, माणसानं जगावं कसं?"

ही बाई एके काळी चांदूर रेल्वेच्या शाळेची खो-खोची कप्तान होती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. माझी आई सांगायची, आशी पळायला लागली की खेळाचे तायडे सर शिटी वाजवायचं विसरायचे. खांबावर सूर मारून गडी बाद करायची तेव्हा गुडघे सोलून निघायचे, आणि घरी आजी विचारी, "कुठं पडली?" तर ही म्हणे, "पडली नाही, पाडून आली." शरीर तेव्हा तिचं ऐकायचं. सांगितलं की वळायचं, सांगितलं की थांबायचं. "आता हे माह्या आंगात कोणी दुसरंच राहून राह्यलं," असं ती म्हणायला लागली होती.

गेल्या श्रावणात तिला डोळे तपासायला अमरावतीला माझ्याकडे आणलं. शुगरवाल्यांनी वर्षाला एकदा डोळ्याचा पडदा दाखवावा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांना त्या दिवशी पेन्शनच्या कामासाठी थांबणं भाग होतं, म्हणून त्यांनी तिला अकोल्याला गाडीत बसवून दिलं आणि मी बडनेऱ्याला उतरवून घेतलं. तरी काकांचा चारदा फोन आला.

दवाखान्यात ही गर्दी. कंपाउंडरनं रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि सांगितलं, डोळे मिटून बसा, बाहुली मोठी व्हायला वेळ लागते. थेंबांनंतर जवळचं काही दिसत नाही, सगळं धुरकट होतं. बाकावर पंधरा-वीस माणसं डोळे मिटून ओळीनं बसलेली. मावशीला मी बाराच्या सुमारास डब्यातली अर्धी भाकरी खाऊ घातली, कारण आता मीही घड्याळाला भ्यायला लागले होते.

थोड्या वेळानं पलीकडच्या बाकावरून एक खणखणीत आवाज आला. "अरे बावा, अजून किती वेळ? सकाळपासून इथंच बसवून ठेवलं, अंडे उबवायले बसवलं काय आमाले?"

सगळा दवाखाना हसला. मावशी मात्र ताठ झाली. डोळे मिटलेलेच, पण मान त्या आवाजाकडे वळली.

"खुर्शीद?" ती म्हणाली.

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग, "कोण वं?"

"आशी. चांदूरची."

ती बाई उठली आणि हात पुढे करून चाचपडत आली. अंगात काळा बुरखा, हातात रंगीत बांगड्या गच्च भरलेल्या. मी तिला धरून मावशीजवळ बसवलं. दोघींना एकमेकींचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी हातांनीच पाहिलं. खुर्शीदबीनं मावशीच्या गालावरून हात फिरवला, हनुवटी धरली आणि म्हणाली, "केवढी जाड झाली वं तू!"

"अन् तू काय खारीक राहिली?"

खुर्शीदबीचं लग्न होऊन ती अमरावतीला आली आणि इथेच राहिली. जवाहर गेटजवळ बांगड्यांचं दुकान, नवरा गेल्यापासून ती आणि मुलगा इमाद मिळून चालवतात. शुगर तिलाही बारा वर्षांपासून. तिचाही सुई-गोळीचा तोच हिशेब आणि आकडा खाली-वर होण्याचा तोच जाच. पण त्या दुपारी शुगरचं बोलणं लवकरच संपलं आणि चांदूर सुरू झालं.

मी ऐकत बसले. शाळेमागचं मैदान, त्यातली ती निंबाची झाडं, स्टेशनच्या धक्क्यावरून विकत घेतलेली बोरं. खुर्शीदबीचे वडील इनायतुल्ला स्टेशनसमोर सायकली दुरुस्त करायचे. लोकांनी त्यांना विचारलं, पोट्टीला मैदानात पळवता? तर ते म्हणाले, पळून राहिली ना, पडून तं नाही राहिली. सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, अशी ती खेळायची. खो-खोच्या पाटीवर दोघी एकमेकींच्या शेजारी बसायच्या. खुर्शीदबी खो द्यायची तेव्हा पाठीत अशी चापट मारायची की मावशीच्या पाठीवर पाच बोटं उठायची.

"त्या दर्यापूरच्या पोट्ट्या आठवते काय?"

"हाव ना! ते उंच, ते एक डोळा बारीक करणारी."

"तिच्या आईनं आपल्याले भजे खाऊ घातले होते, आपण तिच्या पोरीले हरवल्यावर."

तासभर असंच चाललं. इमाद "अम्मी, दुकान पाहून येतो" म्हणून मघाच गेला होता. मी डबा पुढे केला तर खुर्शीदबी म्हणाली, "नको बेटा, आता नंबर लागंनच. घरी जाऊन जेवतो."

मग हळूहळू तिचा सूर बदलला. आधी कंपाउंडरवर चिडली. मग माझ्यावर, खुर्ची का सरकवली म्हणून. मावशी काहीतरी सांगून हसली, तर ती एकदम म्हणाली, "हस. तुले काय होते हसाले. तू आली काय माह्या निकाहले?"

मावशीचं हसू थांबलं. "काय?"

"सारा चमू आला. तायडे सर आले. सरायनं टिफिनचा डबा देला मले. एक तूच नाही आली. मी दरवाज्याकडे पाहून राहिली, पाहून राहिली... दगाबाज! काहून नाही आली तू? काहून?"

तिचा आवाज चढला. लोकांनी मिटलेले डोळे उघडले. कुणीतरी म्हणालं, बाईंना बाहेर न्या. मला वाटलं, आता मावशी रडेल. पण खुर्शीदबीचा हात धरताच मावशीचा चेहरा बदलला.

"हात थंडागार आहे इचा," ती मला म्हणाली. "घामानं वला झाला आहे. पोरी, हे भांडून नाही राहिली. इची शुगर पडली. माह्या पर्समधली मशीन काढ."

मला मशीन लावता येत होतं, पण खुर्शीदबी बोट देईना. ती हात हिसकून घेत होती, जीभ जड झाली होती. मावशीनं मशीनची वाट पाहिली नाही. "राहू दे मशीन. साखर आण!" कंपाउंडरच्या चहाच्या थर्मासजवळ साखरेचा डबा होता. मी पेल्यात पाणी घेऊन तीन-चार चमचे ढवळले आणि धावले.

"मले शुगर आहे," खुर्शीदबी म्हणाली, "अन् मले साखर देते? मारून टाकते काय?"

"हाव, मारून टाकतो," मावशी म्हणाली. "पी आधी. पी म्हणतो ना!"

असा आवाज मी मावशीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खुर्शीदबीनं निमूटपणे पेला तोंडाला लावला. मावशीनं एका हातानं तिची पाठ धरून ठेवली होती. तोवर डॉक्टर बाहेर आले. मशीन लावलं तेव्हा साखर पिऊनही आकडा अठ्ठावन्न होता. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं वेळेवर दिलं. आता पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहू, आणि काहीतरी खाऊ घाला."

खुर्शीदबीचा चेहरा हळूहळू जागेवर आला. तिनं ओढणीनं घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं. मी उरलेली भाकरी आणि मेथीची भाजी तिच्या हातात दिली. ती खाऊ लागली. मग लाजून म्हणाली, "काय बोलली वं मी? इमाद सांगते, शुगर पडली का मी सगळ्यायले शिव्या देतो. तुले देल्या काय?"

मावशी "काही नाही" म्हणू शकली असती. ती म्हणाली, "तू मले विचारलं, निकाहले काहून नाही आली."

खुर्शीदबीचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "मंग? काहून नाही आली?"

"तुह्या लग्नाचा राग आला होता मले," मावशी म्हणाली. "आठ दिवसांवर विभागाचा सामना. तू गेली अन् पाटीवर माह्या बाजूची जागा रिकामी. मी त्या दिवशी मैदानात जाऊन बसली एकटी. वाजंत्री ऐकू येत होती तिथवर. पण उठलीच नाही."

खुर्शीदबीनं भाकरीचा तुकडा मोडला. "अवं," ती म्हणाली, "मले बी माह्या लग्नाचा रागच आला होता."

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. थेंबांनी आधीच पाणावलेले डोळे, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. इमाद परत आला तेव्हा त्याची अम्मी एका अनोळखी बाईच्या खांद्याला टेकून बसली होती. "खाला आहे तुही, मावशी," तिनं सांगितलं. "सलाम कर."

तपासणीत दोघींचे पडदे ठीक निघाले. मावशीच्या डॉक्टरांनी नंतर तिची इंजेक्शनची वेळ आणि मात्रा बदलून दिली, रात्रीचं चोरून खाणं थांबवायला सांगितलं. शुगर अगदी सरळ झाली असं नाही. अकोल्यात नळ येतच राहतो, लग्नं-बारशी येतात, पियुषच्या नोकरीची काळजी असते आणि आकडा खाली-वर होतो. पण सकाळी दोघींचा फोन असतो. आधी "जेवली काय?" आणि मग बाकीचं. एकीनं फोन उचलला नाही तर दुसरी भगवंतरावकाकांना नाही तर इमादला उठवते. आता पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असते आणि मावशी मंदिरात जाते, बाजारात जाते. काकांनी एकदा मला हळूच सांगितलं, "तुही मावशी आता पुन्हा मले रागावाले लागली. बरं वाटते."

या जानेवारीत ती काकांना न सांगता, एकटी, अकोल्याहून एसटीनं अमरावतीला आली आणि आधी जवाहर गेटला गेली. मी दुकानात पोचले तेव्हा दोघी पाटावर बसून हिरव्या बांगड्यांच्या मापावरून भांडत होत्या. पियुषचा फोन वाजला. मावशीनं तो कानाला लावला आणि म्हणाली, "जेवली मी. तपासली बी. आता ठेव, आमी कामात आहो."