बॉनेट लावल्यावर

तात्यांचा उजवा कान कधीच कामावरून घरी बसला होता. डावा अजून हजेरी लावत होता, पण कुरकुरत. उभा जन्म इंजिनांच्या गर्जनेत काढला, त्याची ही बक्षिसी.

गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीत दोन जाड रूळ बसवलेले होते. गाडीची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि दामटायची. गाडी जागची हलत नाही, रूळ गरागरा फिरतात, आणि इंजिनात किती दम आहे त्याची रेघ भिंतीवरच्या पडद्यावर चढत जाते. लोक त्या यंत्राला डायनो म्हणत. तात्या नुसतं ‘काटा’ म्हणत. धान्य असो नाहीतर इंजिनातले घोडे, तोलायचं ते तोलायचं.

त्या काट्यावर कोण कोण येऊन गेलं! नवी गाडी घेतलेली पोरं यायची, मोठ्या आशेने. रेघ चढली की तात्यांना मिठी मारायची, पडली की काट्यालाच शिव्या द्यायची. तात्या दोन्ही वेळा सारखेच उभे, खुंटीवरच्या सदऱ्यासारखे. संध्याकाळी घरी जेवायला बसले की हातातला पेला थरथरतोय असं वाटे. पेला स्थिर असे, थरथर त्यांच्या हाडांत मुरलेली होती.

आज मात्र काट्यावर जावयाची गाडी होती.

जावई कपाटांच्या कारखान्यात रंगकामाला होता. पाळीची नोकरी, घर तिच्यावरच चालत होतं. पण त्याच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. टर्बोच्या गाडीत हवेची एक काळी बंद पेटी असते. तिच्यातून गाळलेली हवा टर्बोकडे जाते आणि तो ती दाबून इंजिनात भरतो. जावयाने ती पेटी काढून एक चकचकीत वाकडी नळी बनवली होती, टोकाला सुळक्यासारखा उघडा फिल्टर. इंजिनाला मोकळा श्वास मिळेल, ताकद वाढेल, असं त्याचं गणित. आज रेघ चढली की उद्या नोकरीला रामराम आणि अशा नळ्या विकायचा धंदा, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं.  लेकीने बापाकडे नुसतं बघितलं होतं, आणि ते बघणं तात्यांना आठवडाभर पुरलं होतं.

“बस गं गाडीत,” तात्या म्हणाले. लेक याच शेडमध्ये वाढलेली, तिचा पाय पेडलवर मुरलेला. बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, अशी पहिली फेरी जुन्या पेटीवर झाली. मग नळी बसवली, दुसरी फेरी. गाडी अशी काही फुत्कारली की पत्रे कडकडले. रेघ चढली. जुन्या रेघेच्या बोटभर वर गेली.

“बघा बाबा!” जावयाने टाळी पिटली. “घोडामैदान समोरच होतं!”

लेकीने काचेतून मान बाहेर काढली. “खरंच वाढली?”

“वाढली म्हणजे? आवाज ऐकलास ना?”

तात्या ऐकत नव्हते. ते उघड्या बॉनेटकडे बघत होते. काट्यावर बॉनेट उघडंच ठेवायचं, ही रीत होती. इंजिन तापू नये म्हणून. गाडी तोलायला ती ठीक. पण उघड्या फिल्टरला तर पंख्याचा गार वारा आयता मिळत होता. रस्त्यावर कोण बॉनेट उघडून गाडी हाकतो?

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिलं तर आजचा दिवस गोड होता. बोललं तर जावयाच्या ताटात माती कालवणारा सासरा. आणि लेकीला याच माणसाबरोबर घरी जायचं होतं. तात्यांना वाटलं, कुणीतरी दुसऱ्याने बोलावं. पण तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

“जावईबापू, एकदा बॉनेट लावून बघू.”

“कशाला? झालं की आता.”

“रस्त्यावर लावलेलंच असतं.”

“रस्त्यावर वारा असतो, बाबा!”

“पंखा आहे की समोर. पण वारा रेडिएटरमधून तापून आत येतो. जुन्या पेटीचं नाक पार पुढे, जाळीपाशी असतं, तिला बॉनेट लावलं काय, उघडं काय. तुमची नळी इंजिनाच्या कुशीत झोपलीय.”

जावयाने बॉनेट आपटलं. फेरी झाली. रेघ चढता चढता थकली आणि जुन्या रेघेच्या अंमळ खालीच बसली.

“परत,” जावई म्हणाला.

परत केली. इंजिन आणखी तापलं होतं, रेघ आणखी खाली आली.

“मुद्दाम केलंत तुम्ही,” जावई म्हणाला. “मी कारखान्यातच कुजावं असं वाटतं तुम्हाला.”

“अहो, काय बोलताय!” लेक गाडीतून उतरली.

“बोलू दे,” तात्या म्हणाले. “टर्बोला हवा ओढायला कुणाची मदत लागत नाही, जावईबापू. दाब किती ठेवायचा ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. नळीने फुत्कार वाढतो, तो मात्र झकास वाढलाय.”

“उथळ पाण्याला खळखळाट, असंच ना?”

“मी असं म्हणालो नाही.”

“म्हणा की. खरं आहे ते.”

जावई जमिनीवरच बसला.  पंखा तेवढा फिरत राहिला, रिकाम्या सभेत बोलत सुटलेल्या पुढाऱ्यासारखा.

मग तो उठला आणि स्वतःच नळी सोडवू लागला. तात्यांनी जुनी पेटी आणून दिली. एक स्क्रू खाली कुठेतरी घरंगळला. तात्या गुडघे सावरत वाकले, तसा जावई चिडून म्हणाला, “तुम्ही राहू द्या,” आणि स्वतः गाडीखाली सरकला. रागातही सासऱ्याचे गुडघे त्याच्या ध्यानात होते. तात्यांना तेवढं पुरे झालं. जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

गाडीखालूनच जावई बायकोला म्हणाला, “उद्या पहिली पाळी आहे. गजर लाव.”

“लावते,” ती म्हणाली, आणि पंखा बंद करायला गेली.