वॉल्टर अंकलच्या वहीतली माणसं

काल वॉल्टर अंकलच्या शोकसभेत मी उभी राहून ओरडले.

घाबरू नका. ते असते तर पहिली टाळी त्यांनीच वाजवली असती.

वॉल्टर अंकल म्हणजे सिंगापुरातल्या मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या बरोबर समोरचं दार. वय एक्याण्णव, उंची सहा फूट दोन इंच. आवाज असा, की लिफ्टमध्ये नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाले तरी मी ओढणी सारखी करायचे.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय नट. दक्षिणेकडच्या छोट्या गावातून, चर्चमधल्या नाटकांतून वर आलेले. बायको, मेई आंटी, इथल्याच. तिकडे नर्स होत्या. सत्तरीनंतर दोघं आंटींच्या माहेरी, म्हणजे सिंगापूरला राहायला आले.

खालचा कॉफीवाला त्यांना "जज" म्हणायचा.

कारण त्यांनी टीव्हीवर केलेला जज खूप गाजला होता. गोऱ्या वकिलाला एका नजरेत गप्प बसवणारा काळा जज तोवर तिथे कुणी पाहिलाच नव्हता म्हणे.

पण त्याच्या कितीतरी आधीची अकरा वर्षं?

"मी सिनेमात दारं उघडली," असं सांगायचे. वेटर, हमाल, ड्रायव्हर. "येस सर", "नो मॅडम", संपला रोल. शेवटी पडद्यावर सगळ्यांची नावं यायची, त्यात हे नसायचेच.

एक दिवस म्हणाले, बास. दोन वर्षं बुटांच्या दुकानात काम केलं, पण तसला रोल पुन्हा घेतला नाही.

मग एका मोठ्या नाटक कंपनीने त्यांना राजा दिला. त्या स्टेजवर मुख्य भूमिकेत उभे राहिलेले ते पहिले काळे नट. पहिल्याच प्रयोगाला गोऱ्या प्रेक्षकांच्या पुढच्या दोन रांगा उठून निघून गेल्या.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं होतं.

"वाटलं ना! पण बाल्कनीतली आमची माणसं खाली येऊन त्या खुर्च्यांवर बसली. इतकी चांगली सीट त्यांना जन्मात मिळाली नव्हती!"

आणि स्वतःच खो खो हसत सुटले.

आता माझं रडगाणं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक होतं. दिग्दर्शक सुहासदादा, एरवी जहाजांची इंजिनं दुरुस्त करतात. मला वाटलं, मेन रोल माझाच. कॉलेजात बक्षिसं मिळवलीत हो मी!

मिळालं काय? कामवाली. अख्ख्या नाटकात एक वाक्य. "बाईसाहेब, चहा आणू का?"

"तुझं ऑफिस तिकडे लांब आंग मो किओला, तालमीला उशीर होतो, म्हणून गं," इति दादा.

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, मग ठेवा तुमचं नाटक तुमच्याकडे.

घरी येताना लिफ्टमध्ये अंकल भेटले. माझं तोंड बघून मला सरळ त्यांच्या घरी घेऊन गेले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"चहा आणणारीचं."

"अहो, नाव नाहीये तिला! तेच तर सांगतेय मघापासून."

ते उठले आणि कपाटातून एक जुनी वही काढली. आत नावं होती.

ओटिस. वेटर. मुलीला कॉलेजात घालायचंय.

जोसाया. हमाल. गुडघा दुखतो, कुणाला सांगत नाही.

पानंच्या पानं! त्यांनी केलेल्या प्रत्येक बिननावाच्या रोलला त्यांनी स्वतः नाव ठेवलं होतं.

"स्क्रिप्टमध्ये फक्त दार असायचं," म्हणाले. "ते उघडणारा माणूस मी घरून घेऊन जायचो."

मी गुपचूप तालमीला गेले.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगून आले. शेवंता. पाय दुखतात. पण चहा बाईसाहेबांपेक्षा भारी करते, आणि ते तिला पक्कं माहीत आहे.

प्रयोगाला अंकल आणि आंटी तिसऱ्या रांगेत. मराठीचा गंध नाही. मी आले, बाईसाहेबांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाक्य म्हटलं.

अख्खा हॉल हसला!

मग आलं आभारप्रदर्शन. आपल्या मंडळांचं आभारप्रदर्शन तुम्ही जाणताच. साऊंडवाले झाले, हॉलवाले झाले, वडे आणणाऱ्यांचे मेव्हणेसुद्धा झाले. एकेक कलाकार नावानिशी पुढे आला.

माझं नाव राहिलं. दादा लिहायलाच विसरले होते.

मी आपली विंगेत हसरं तोंड करून उभी. डोळ्यांत मात्र टचकन पाणी.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सहा फूट दोन इंच उठले.

"अँड शेवंता!"

सगळ्या माना वळल्या. कोण शेवंता?

माझी लेक सई, तेव्हा नऊ वर्षांची, खुर्चीवर चढून अस्सल सिंगापुरी थाटात ओरडली, "दॅट्स माय मदर, लाह!"

मग काय तो हशा आणि काय त्या टाळ्या! सुहासदादांनी स्टेजवरच कान पकडले. तेव्हापासून मंडळात मी शेवंताच. खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघत नाही.

काल आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत शोकसभा होती. इथे लग्नंही तिथेच होतात आणि मयतंही. अमेरिकेतल्या त्यांच्या नाटक कंपनीकडून आलेलं पत्र कुणीतरी वाचलं. राजा झाला. जज झाला. बक्षिसं झाली.

पत्र संपलं.

मला राहवेना. उठले आणि ओरडले.

"अँड ओटिस!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याने माझी ओढणी खेचली. मेई आंटी मात्र हसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा. पर्समधून वही काढून माझ्या हातात दिली.

"तूच वाच. सगळ्यांना बोलाव."

वाचली मी. ओटिस, जोसाया, सगळे. कॉफीवाला अंकल मागे उभा राहून प्रत्येक नावाला टाळी वाजवत होता. हळूहळू सगळेच वाजवायला लागले.

शेवटचं पान आलं. थरथरतं अक्षर, ताजी शाई.

"शेवंता. पाय दुखतात. चहा उत्तम."

हा रोल तर त्यांनी केलाच नव्हता!

मी वही सईपुढे धरली. तिने ती घेतली आणि माझं नाव मोठ्याने वाचलं.

वॉल्टर अंकल, तुम्हाला भरपूर टाळ्यांसकट श्रद्धांजली. तिकडे ओटिस भेटला तर त्याला माझा नमस्कार सांगा.

तुमची, समोरच्या दारातली
शेवंता