शमीम मॅडम आणि नर रोहूंचा हंगाम

शमीम मॅडम गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. मी सदाशिव पेठेतल्या घरून दळण आणायला निघाले होते, तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाचा, सलीमभाईंचा फोन आला. "आपा गेली. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं," एवढंच ते म्हणाले.

मॅडम माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. नर माशांमध्ये शुक्रपेशी कशा तयार होतात, हा आमचा विषय. आई म्हणाली होती, "लोकांना नुसतं 'माशांवर' एवढंच सांगत जा." मॅडमना असला संकोच नव्हता. पहिल्याच दिवशी टाकीतला रोहू दाखवून त्यांनी समजावलं, "दिवस मोठा झाला, पाणी तापलं, की ते याच्या मेंदूला कळतं. मेंदूखालची एवढीशी पियूषिका ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि वृषणांचं काम सुरू होतं. वर्षातून एकदाच. चुकलो तर पुढच्या वर्षी."

गेल्या वर्षीचा हंगाम माझ्या प्रबंधासाठी शेवटचा. नरांना पियूषिकेच्या अर्काची इंजेक्शनं देऊन शुक्रपेशी किती वाढतात ते बघायचं होतं. नेमकं तेव्हाच चुलतबहिणीचं लग्न आलं. मी रजा मागितली. "मासा रजेचा अर्ज वाचत नाही," म्हणाल्या, सही केली, आणि मी येईपर्यंत इंजेक्शनं स्वतः दिली. परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, हात पोटावर. मी म्हटलं, "मॅडम, डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"पित्त आहे गं. हंगाम संपू दे."

हंगाम मोडणार नाही म्हणून मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

मॅडम गेल्यावर खडकीला त्यांच्या घरी भेटायला गेले. सलीमभाईंच्या बोलण्यात राग नव्हता. "डॉक्टरांनी हंगामाआधीच ऑपरेशन सांगितलं होतं. आपा म्हणाली, पोरीचं वर्ष जाईल."

"तेव्हाच केलं असतं तर...?"

"ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही," ते म्हणाले. "चहा घ्या, निवतोय."

माझा प्रबंध मंजूर झाला आहे. तरी यंदाच्या हंगामापुरतं मासे मीच बघते आहे.

माशांच्या खोलीत टाकीपाशी एक लाकडी स्टूल आहे. त्या हंगामात मॅडमनी ते घरून आणलं होतं, "उभं राहून तुझे पाय दुखतील" म्हणून. बसायच्या मात्र त्याच, आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. यंदा नर पुन्हा शुक्रपेशींनी भरले आहेत. पाणी बदलताना मी स्टूल थोडं बाजूला सरकवते, पुसते, आणि उभीच राहते.